कलमवाल्याच्या मांडीतली शीर

केरू गोताड म्हणजे माझे भावोजी. माझी थोरली बहीण, तुळसाआक्का, त्यांना दिलेली. रत्नागिरीकडच्या हातखंब्याहून आत वळलं की आमची वाडी लागते. तिथपासून थेट पावसपर्यंतच्या बागायतदारांत त्यांचं नाव होतं, पण गोताड म्हणून त्यांना कोणी ओळखत नसे. कलमवाला केरू म्हटलं की माणसं रस्ता दाखवायची. मी त्यांच्याबद्दल सांगायला बसलो आहे खरा, पण ह्यात माझाच गाढवपणा जास्त येणार. ऐकायचं तर तोही ऐका.

माणूस बोलायला कमी. कानावर विडी, कमरेला कलमाचा चाकू, आणि तो चाकू कोणाला हात लावू द्यायचे नाहीत, आक्कालासुद्धा. तिनं एकदा त्या चाकूनं कोकमं कापली तर भावोजींनी दोन दिवस अबोला धरला होता. पण कलमाबद्दल विचारा, मग तोंड बंद होत नसे. कोयीच्या रोपाला खाच एवढीच का द्यायची, वर बांधायच्या काडीची पानं दहा दिवस आधी का काढायची, पट्टी घट्ट किती नि सैल किती, सगळ्याला कारण असायचं आणि ते कारण समोरच्याला पटेपर्यंत ते सांगत बसायचे. एका बागायतदारानं नवीन माळी ठेवला होता, बाळा नावाचा. त्यानं घाईत चाळीस रोपांना काड्या उलट्या बसवल्या, डोळे खाली तोंड करून. भावोजी बघायला गेले तेव्हा सगळी कलमं हिरवीगार, मालक खूश. भावोजी म्हणाले, "पंधरा दिवस थांबा." पंधरा दिवसांत चाळीसच्या चाळीस काळी पडली. त्यांनी बाळाला विचारलं की असं का केलंस, तर तो म्हणाला, आमच्याकडे अशीच पद्धत. त्यावर भावोजी जे संतापले ते मी तेवढं एकदाच बघितलं. हाताला ठाऊक नि डोक्याला नाय असा माणूस माज्या कलमाजवळ नको, म्हणाले.

मी मुंबईला. एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डात वॉर्डबॉय. सत्त्याऐंशी साली मला तिथं चौदा वर्षं झाली होती. गावी आलो की वाडीतली माणसं चेष्टेनं मला डॉक्टर धोंडू म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कोणी जीभ दाखवायचं, कोणी सुजलेला गुडघा. मी बोटं लावून, जरा कपाळाला आठी घालून काहीतरी सांगायचो. सांगितलेलं निम्मं बरोबर निघायचं, कारण निम्मी दुखणी आपोआपच बरी होतात.

त्या वर्षी मे महिन्यात रजेवर आलो होतो. परत जायच्या दिवशी भावोजी मला एसटीपर्यंत सोडायला निघाले. वाडीतून वर चढलं की सडा लागतो, नुसता काळा कातळ, झाडाचं नाव नाही. मला आठवतं, वाडीतनं निघताना ते दोनदा थांबले होते आणि वर मान करून आंब्याकडे बघत उभे राहिले होते. मला वाटलं, कलमवाला माणूस, बघत असेल फळ. पण सड्यावरही ते थांबले आणि वर बघायला लागले. वर आभाळ.

"भावोजी, वर काय बघताय?"

"काय नाय. तू हो पुढं."

मी मागे वळलो तर मुठीनं पोटरी दाबत होते. मग हळूहळू बाहेर आलं. दोन वर्षं असंच चाललं होतं. दोनशे पावलं टाकली की डाव्या पोटरीत गोळा यायचा, जरा उभं राहिलं की जायचा. लोकांना कळू नये म्हणून त्यांनी झाडाकडे बघायची युक्ती काढली होती. आणि आक्कालाही वाटत होतं की हल्ली ह्यांना झाडांचं फारच वेड लागलं आहे.

मी त्यांना तिथंच कातळावर बसवलं, वहाण काढायला लावली. डाव्या अंगठ्याला मार्चात ठेच लागली होती, ती भरलीच नव्हती. हळद झाली, मलमाच्या तीन ट्यूब झाल्या, कडा काळ्याच. पाय हाताला गार लागला, उन्हाने कातळ तापलेला असताना. डॉक्टर लावतात तशी मी पावलावर बोटं लावली. ठोका नाही. घोट्यामागे लावली. तिथंही नाही. मी घाबरलो. त्यांना तसंच माझ्याबरोबर एसटीत घातलं, आक्काला निरोप मागनं गेला.

आमच्या वॉर्डाचे मोठे सर्जन बर्वे साहेब. माणूस कडक, पण पेशंट माझ्या नात्यातला म्हणून त्यांनी स्वतः बघितलं. पहिला प्रश्न विचारला तो विडीचा. भावोजींनी कमरेची विड्यांची कट्टी सोडून त्यांच्या हातातच दिली. साहेबांना तिचं काय करावं कळेना, त्यांनी ती कोटाच्या खिशात टाकली. विडी आजपासून बंद, म्हणाले, आणि ती खरंच बंद झाली.

मग रक्तवाहिनीत औषध सोडून फोटो काढले. साहेबांनी ते उजेडाच्या पेटीवर लावून भावोजींना समोर उभं करून समजावलं. बेंबीच्या खाली मोठी रक्तवाहिनी दोन पायांसाठी दोन होते. त्यातली डावीकडची तिथंच, कमरेपाशी, चिंचोळी झालेली. ती एक अडचण. दुसरी मांडीत. तिथं वीतभर अंतर वाहिनी पार बंद, आणि गुडघ्याखाली पुन्हा उघडी.

भावोजींनी फोटो खूप वेळ बघितला. "म्हणजे पाणी बांधाशीच अडलाय, नि पुढं पाटपण बुजलाय."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. वॉर्डात त्यांना हसताना मी क्वचित बघितलं आहे. "म्हणून दोन कामं करायची. वरचं कापायचं नाही. जांघेतून बारीक नळी घालायची, तिच्या टोकाला फुगा असतो, तो चिंचोळ्या जागी फुगवून वाट मोठी करायची. ते आमच्या एक्स-रे विभागातल्या बाई करतील. मग तीन दिवसांनी खालचं मी करणार. ते ऑपरेशन. तुमच्याच पायातली एक शीर काढून बुजलेल्या भागाच्या वरून खालपर्यंत जोडायची, रक्त तिच्यातून जाईल. वरचं उघडल्याशिवाय खाली जोडून उपयोग नाही, आणि नुसतं वरचं उघडून हा अंगठा भरणार नाही. दोन्ही हवं."

"कलमच म्हणा ना," भावोजी म्हणाले.

"कलमच."

त्या दिवशी भावोजी इतके खूश होते की शेजारच्या खाटेवरच्या माणसाला बोलावून बोलावून सांगत होते, इथले मोठे डॉक्टर कलमं बांधतात म्हणून.

फुग्याचं काम मंगळवारी झालं. ट्रॉली मीच ढकलत नेली. तेव्हा आमच्याकडे ते नवीनच होतं, बघायला शिकाऊ डॉक्टरांची गर्दी. भावोजी जागेच होते. बाई म्हणाल्या, जरा दुखेल, तर हे म्हणाले, दुखू दे, वाट होऊ दे. संध्याकाळपर्यंत डावं पाऊल कोमट झालं. ते स्वतः हात लावून बघत होते, मला लावायला लावत होते. गेले सहा महिने ते पाय खाटेखाली सोडून झोपायचे, तसा सोडला नाही तर कळ मारायची. त्या रात्री सरळ झोपले. सकाळी मला म्हणाले, "धोंडू, तुझ्यामुळं माझा पाय वाचतोय." मी फुगलो. काय सांगू, त्यांच्या नळीतल्या फुग्यापेक्षा जास्त फुगलो.

गुरुवारी दुपारी माझी ड्यूटी संपली होती. आम्ही दोघं व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. उद्या ऑपरेशन. त्यांनी विचारलं, "शीर कुठली घेणार?"

मला सगळं ठाऊक. चौदा वर्षं थिएटरात ये-जा. मी मांडीच्या आतल्या अंगाला बोट फिरवून दाखवलं. "ही लांब शीर. ही काढायची, धुवायची, उलटी करायची, नि लावायची."

"उलटी म्हणजे?"

"म्हणजे वरचा टोक खाली नि खालचा वर."

ते म्हणाले, "उलटी कशाला?"

इथं माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांत मी शीर उलटी करताना पन्नास वेळा बघितली असेल, कधी कोणाला विचारलं नव्हतं का करता म्हणून. ठाऊक नाही असं म्हणायला जीभ रेटली असती तर काय बिघडलं असतं? साहेबांना विचारून सांगतो म्हटलं असतं तर? पण मी डॉक्टर धोंडू. मी म्हणालो, "तशीच लावतात. पद्धत हाय ती."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. घाटातल्या गाड्यांबद्दल काहीतरी बोलले. मी खोलीवर जाऊन स्वस्थ झोपलो.

शुक्रवारी सकाळी सिस्टर सहीचा कागद घेऊन गेली तर भावोजी कपडे घालून खाटेवर बसलेले. सही करत नाही म्हणाले. मी धावत गेलो. त्यांनी मला हळूच सांगितलं, "अरे, उलटी लावलेली जगत नाय. पंधरा दिवस जगल्यासारखी दिसते. मी चाळीस बघितलीत. नि ह्यांना कारणपण ठाऊक नाय, नुसती पद्धत."

"भावोजी, हा झाड नाय, माणूस हाय."

"रस तो रसच."

मी पाया पडलो. खोटं नाही, वॉर्डात सगळ्यांसमोर पाया पडलो. तेवढ्यात बर्वे साहेब आले. त्यांनी विचारलं, काय अडचण आहे? आणि भावोजी, जे बागायतदारांना तोंडावर चुका सांगायचे, ते साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला तुम्हांला कलम येत नाही असं कसं म्हणणार? ते म्हणाले, "पायाला आता बरा वाटताय सायब. कलमांचे दिस आलेत. घरी जाऊन इचार करतो नि येतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "काय रे धोंडू, तुझा पाहुणा घाबरला आहे का? कोणी काही सांगितलं का त्याला?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

तेवढं एक वाक्य. मला माहीत होतं की मी खरं कारण सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, त्याला हे कोणी शिकवलं. वॉर्डबॉयनं पेशंटला ऑपरेशन समजावून सांगायचं नाही, हा तिथला नियम. वर्षभरापूर्वी एकाला त्यावरूनच मेमो मिळाला होता. मी भ्यालो. साहेब तापले, कागदावर स्वतःच्या जबाबदारीवर जातो म्हणून लिहून घेतलं, आणि मला म्हणाले, "महिन्याच्या आत घेऊन ये. उशीर झाला तर वरचंही पुन्हा बंद होईल." मी मान हलवली. त्याच दिवशी परळच्या स्टँडवर त्यांना रत्नागिरीच्या गाडीत बसवून दिलं.

महिनाभर मी रोज ठरवत होतो की साहेबांकडे जावं आणि बोलावं. रोज काहीतरी आडवं यायचं. खरं म्हणजे काही आडवं येत नव्हतं. मी आक्काला दोन पत्रं टाकली, त्यांना घेऊन ये म्हणून. तिनं शाळेतल्या गुरुजींकडून उत्तर लिहून घेतलं. ऐकत नाहीत, तिनं कळवलं. पाय गरम आहे म्हणतात, चालायलाही येतं, पाचशे पावलं न थांबता. सगळा जून गोणपाटावर बसून कोयीची कलमं बांधली. अंगठा मात्र तसाच आहे. हट्टी आहेत, मी बोलून बोलून दमले.

तिचं दुसरं पत्र ऑगस्टात आलं. त्यात एवढंच होतं की अंगठा काळा झाला आहे, वास येतो, ताप आहे, तू ये.

मी पोचलो तेव्हा काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. पाय पुन्हा गार, आता मांडीपर्यंत. जांघेत बोटं लावली, तिथला ठोकाही गेलेला. फुग्यानं केलेली वाट बंद झाली होती, साहेब म्हणाले होते तशी. आम्ही चौघांनी त्यांना डोलीतून सड्यावर आणलं आणि तिथून टेंपोनं रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात. मी तिथल्या सर्जनला सांगितलं, मुंबईला नेतो, तिथं शिरेचं ऑपरेशन करतात, मी तिथं नोकरीला आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, विष अंगात चढतं आहे, बारा तासांच्या गाडीत माणूस राहणार नाही, आणि पोचला तरी ह्या पायात जोडायला आता काही उरलेलं नाही. गुडघ्याच्या वर कापावा लागेल, आजच.

भावोजींना ग्लानी होती. आक्कानं सहीच्या जागी हाताचा अंगठा उठवला. मी तिथं उभा होतो, चौदा वर्षं हॉस्पिटलात काढलेला माणूस, आणि मला करण्यासारखं काही नव्हतं. एक चादर सरळ केली. ट्रॉलीला हात लावायला गेलो तर तिथला वॉर्डबॉय म्हणाला, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.

जीव वाचला. मी मुंबईला परत आलो आणि दिवाळीनंतर कधीतरी, एकदाचा, बर्वे साहेबांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. उलट्या काड्या, चाळीस कलमं, व्हरांडा, पद्धत हा शब्द, माझी भीती. वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. एका कागदाच्या पाठीवर नळी काढली आणि तिच्यात छोट्या छोट्या झडपा.

"पायातल्या शिरेचं काम रक्त खालून वर न्यायचं," म्हणाले. "ते मधेच खाली घसरू नये म्हणून आत झडपा असतात. त्या एकाच बाजूला उघडतात, वरच्या. आता आपल्याला तीच शीर रक्त वरून खाली न्यायला वापरायची आहे. आहे तशी लावली तर झडपा तोंडावर बंद होतील. उलटी केली की त्या खालच्या बाजूला उघडतात. एवढंच कारण." दोन मिनिटं लागली. ते म्हणाले, "हे त्याला सांगायला मला आवडलं असतं." मी कागद मागून घेतला.

शिमग्याला गावी गेलो. भावोजी पडवीत भिंतीला टेकून बसले होते, कुबड्या बाजूला. डोंगरावरच्या बागा सुटल्या होत्या. घरी कोणी रोपं आणून दिली तर बांधायचे, नाहीतर चाकूला धार लावत बसायचे. आक्का उंबऱ्याशी फणस चिरत होती. ती त्यांना मधूनमधून टाकून बोलायची, हट्ट केलात नि पाय घालवलात, असं. तिला राग माणसावर काढायचा नव्हता, पायावर काढायचा होता, पण पाय नव्हता.

मी कागद काढला आणि साहेबांनी सांगितलं तसं सांगितलं. निम्म्यावर आलो तोच त्यांनी हात वर केला.

"थांब. झडपा किती अंतरावर?"

"काही इंचांवर असतात म्हणाले. सगळीकडे सारख्या नाहीत."

"नि उघडतात वरच्या अंगाला."

"होय."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, पुन्हा सुलटा. "मंग उलटीच लावायला होवी," म्हणाले. "दुसरी लावताच यायची नाय. बरोबर हाय त्यांचा." आणि आक्काला हाक मारून तिलाच समजावायला लागले, दार कुठल्या बाजूला उघडतं, रक्त कुठून येतं, आहे तशी लावली तर कसं अडेल. साहेबांपेक्षा चांगलं समजावलं. तोंडावर कलमाबद्दल बोलताना यायचा तसा उजेड आला होता. मग तो हळूहळू गेला.

"हे मुंबईला का नाय सांगितलास?"

"मला ठाऊक नव्हता भावोजी. मी थाप मारली, पद्धत म्हणून."

"सायबांना तर ठाऊक होता."

"होता. पण तुम्ही का नको म्हणताय ते मी त्यांना सांगितलाच नाय. त्यांनी विचारला होता. मी भ्यालो."

"सांगितला असतास तर दोन मिनिटांत त्यांनी मला हे दाखवला असता."

"होय."

"नि मी सही केली असती."

"होय."

त्यांनी कागदाची घडी घातली. मी वाट बघत होतो शिवीची. ती आली असती तर मला सोपं झालं असतं. आक्काचा हात फणसावर थांबला होता. ती नवऱ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"नऊ महिने मी ह्यांनाच हट्टी हट्टी म्हणून बोलत होते," ती म्हणाली.

मी खाली मान घालून बसलो. शेवटी भावोजीच म्हणाले, "जाऊ दे गो. तो लांबून आलाय. त्याला जेवायला वाढ."